पदवी आणि पाळणा

सुशिक्षित स्त्रियांनी मातृत्वाकडे पाठ फिरविली आहे, अशी तक्रार अलीकडे व्यासपीठांवरून वारंवार कानी पडते. २०२४ साली तर काही जबाबदार नेत्यांनी अधिक मुले जन्मास घालण्याचे जाहीर आवाहनही केले. ज्या देशाने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला, त्याच देशात हा उलटा घोष ऐकू यावा, हा काळाचा महिमाच म्हणावयाचा!

शिक्षणाचा जननावर परिणाम होतो, हे निर्विवाद होय. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रीमागे सरासरी २.८ अपत्ये आढळली. बारा वा अधिक वर्षे शिकलेल्या स्त्रीमागे १.८. परंतु त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा १.७ आहे, आणि त्यात शिकलेल्या व न शिकलेल्या अशा सर्वच स्त्रिया आल्या. म्हणजे आपल्या राज्याची सरासरी देशातील सुशिक्षित स्त्रियांच्याही खाली गेली आहे. तेव्हा सारा दोष पदवीच्या माथी मारणे हे तर्काला धरून नाही. महाग घरे, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आणि नोकरीची अशाश्वती ही कारणे पदवीधर नसलेल्यांनाही चुकलेली नाहीत.

तथापि उच्च शिक्षणापुरता एक प्रश्न उरतोच, आणि तो संख्येहून अधिक वयाचा आहे. अठराव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात जाणारी मुलगी साडेपाच वर्षांनी डॉक्टर होते. पुढील पदव्युत्तर शिक्षणास तीन वर्षे, आणि त्याहून वरच्या विशेष शाखेस आणखी तीन. प्रवेशपरीक्षेत एखादे वर्ष गेले तर तिशी उलटलीच. निसर्ग मात्र विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता झपाट्याने घटू लागते. पुढे ढकललेले मातृत्व कित्येकींच्या बाबतीत हुकलेले मातृत्व ठरते. आम्ही वर्गात शिकविलेल्या मुलींनी मिळविलेल्या यशाचा आम्हांस अभिमान वाटतो. पण त्या यशाची किंमत त्यांनी एकट्यांनीच का मोजावी?

२०१७ सालच्या कायदादुरुस्तीने प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास वा अधिक नोकर असणाऱ्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. हे योग्यच झाले. परंतु रजेच्या वेतनाचा भार मालकावर ठेवल्याने तरुण विवाहितेस कामावर घेण्यास काही मालक कचरतात. आणि त्या दुरुस्तीने खासगी नोकरीतील पित्यास रजा देण्याचे बंधन घातले नाही. मूल जणू आईचेच!

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा मूल इच्छेने व्हावे हेच त्यामागील तत्त्व होते. त्या तत्त्वाची दुसरी बाजू आज पुढे आली आहे. ज्यांना मूल नको, त्यांच्यावर ते लादू नये; पण ज्यांना हवे, त्यांना परिस्थितीपायी त्यास मुकावे लागू नये. विद्यापीठांनी शिक्षणात खंड घेण्याची सोय करावी, रजेच्या खर्चाचा वाटा सरकारने उचलावा, आणि पुरुषांनी घरातील कामाचा. तीन मुलांचा उपदेश करण्याआधी पहिल्या मुलाची वाट मोकळी करणे अधिक शहाणपणाचे होईल.