कोरी कॅसेट पारखताना

हरसूलच्या बाजूला पाऊस एकदा लागला की घरातील कोणतीही वस्तू पुरती कोरडी राहत नाही. दुकानाच्या माळ्यावरील जुन्या वह्यांची पाने मऊ पडतात, लाकडी कपाटाचे दार फुगून बसते, मीठ पाझरते. त्याच माळ्यावर कापडात गुंडाळलेला टू-इन-वन आणि शेजारी कॅसेटींचा खोका असतो. दिवाळीच्या साफसफाईत खोका खाली उतरतो आणि घरात प्रश्न निघतो. आजीच्या आवाजातील सज्झाय अजून ऐकू येते का? आणि कोरी कॅसेट मिळाली, तर तिला पाठ असलेल्या बाकीच्या सज्झाया भरून घेता येतील का?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. सज्झायांचे शब्द छापील पुस्तकांत सापडतात, चाल मात्र सापडत नाही. ऐंशी ओलांडलेल्या ज्या स्त्रियांना ती चाल सासूकडून मिळाली, त्यांतील अनेकींना मोबाईलसमोर गाण्याचा संकोच वाटतो. टू-इन-वनची दोन बटणे एकदम दाबून समोर बसणे मात्र त्यांच्या सवयीचे असते. ज्या संप्रदायांत ध्वनिवर्धक व ध्वनिमुद्रण वर्ज्य आहे, तेथे गुरुभगवंतांच्या प्रवचनांबाबत हा विषयच उद्भवत नाही. येथे बोलायचे आहे ते घरच्या आवाजांविषयी.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट प्रथम मांडली. तिच्यातील फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते व सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने धावते. हा वेग ठरलेला असल्याने अधिक वेळ हवा तर अधिक लांब फीत हवी. आणि कॅसेटचा डबा तेवढाच असल्याने लांब फीत पातळच करावी लागते. ६० मिनिटांच्या कॅसेटमधील फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असते, ९० मिनिटांच्या कॅसेटमधील सुमारे १२, तर १२० मिनिटांच्या कॅसेटमधील अवघी ९. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

व्यापारी घरांचा हिशेब येथेच चुकतो. एका कॅसेटच्या किमतीत दुप्पट वेळ मिळतो म्हणून १२० मिनिटांची कॅसेट स्वस्त वाटते. परंतु तीस-चाळीस वर्षांच्या टू-इन-वनमधील रबरी पट्टे सैलावलेले असतात, रबरी चाक गुळगुळीत झालेले असते. अशा यंत्रात ९ मायक्रॉनची फीत चाकाला गुंडाळली जाते आणि मग पेन्सिल घालून ती परत फिरवण्याचा, बहुतेकांना आठवत असलेला, उद्योग सुरू होतो. चुरगळलेल्या फितीवरील आवाज पूर्ववत होत नाही. शिवाय पातळ फितीच्या एका वेढ्यावरील आवाजाची फिकी छाया शेजारच्या वेढ्यावर उमटते. ठेक्याच्या गाण्यात ती कळत नाही. पण म्हातारे माणूस दोन ओळींमध्ये श्वास घेण्यासाठी थांबते, त्या शांततेत पुढची ओळ आधीच पुसट ऐकू येऊ लागते.

सामायिकाच्या ४८ मिनिटांमुळे जैन घरांत एक निराळी अडचण होत आली आहे. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. शिकणाऱ्या मुलांसाठी संपूर्ण सामायिक एका बाजूवर भरू पाहणाऱ्याला नेमकी तीन मिनिटे कमी पडतात आणि पारण्याची सूत्रे कापली जातात. काही कंपन्यांनी १०० मिनिटांच्या कॅसेटी काढल्या होत्या. त्या येथे क्वचितच दिसत. त्यापेक्षा ६० मिनिटांच्या कॅसेटवर विधी दोन भागांत भरावा. प्रत्यक्ष सामायिकात स्विचला हात लावायचाच नसतो, तेव्हा बाजू पालटण्याची अडचण शिकण्याच्या वेळेपुरतीच राहते.

दुसरा मोह भारी मालाचा. साध्या कॅसेटच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. तिच्यावर ‘टाइप १’ किंवा ‘नॉर्मल’ असे छापलेले असते. ‘टाइप २’ ही क्रोमची आणि ‘टाइप ४’ ही मेटलची. पुढच्या दोन्ही महाग व चांगल्या खऱ्या, परंतु ज्या यंत्रात त्यांची सोय आहे त्याच यंत्रासाठी. बहुतेक घरगुती टू-इन-वनवर फितीचा प्रकार निवडण्याची कळ नसते. अशा यंत्रावर क्रोमची कॅसेट भरली तर आवाज किरटा व फाटका येतो. मेटलच्या फितीवर पूर्वी काही भरलेले असेल तर तेही नीट पुसले जात नाही आणि नव्या आवाजाखाली जुना कुजबुजत राहतो. कळ नसलेल्या यंत्राला साधी, चांगल्या कंपनीची ‘टाइप १’ कॅसेटच घ्यावी.

चांगल्या कंपनीची म्हणजे कोणती, हा प्रश्न पूर्वीही सोपा नव्हता. १९८०च्या दशकात गल्लोगल्ली कॅसेटी भरून देणारी दुकाने झाली तेव्हा टीडीके व सोनी यांच्या वेष्टनात भलतीच फीत सर्रास विकली जाई. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपकव्यवहार’ सांगितला आहे. अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे ते हेच. त्या काळातील न उघडलेला माल आज मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात निघतो, तेव्हा त्यात ती नक्कलही असतेच. पुसट छपाई, नावातील एखादे अक्षर बदललेले, चाके फिरवताना येणारी खरखर, खिडकीतून पाहता एकसारखी न बसलेली फीत, ही तिची लक्षणे. पाच स्क्रूंनी बंद केलेली कॅसेट चिकटवलेल्या कॅसेटपेक्षा सोयीची, कारण ती उघडून दुरुस्त करता येते. स्क्रू म्हणजे अस्सलपणाची हमी मात्र नव्हे.

जुना कोरा माल घेताना खालच्या उघड्या बाजूस तांबूस पट्टीवर बसवलेली फेल्टची लहान गादी अवश्य पाहावी. तिचा गोंद वाळून ती गळून पडलेली असते आणि ती नसली की फीत हेडला टेकत नाही. नव्याच कॅसेटी हव्या असतील तर जपानी मॅक्सेलची साधी ‘यूआर’ मिळते. फ्रान्समधील अव्हरांश येथील ‘रेकॉर्डिंग द मास्टर्स’ने २०१८ साली ६० मिनिटांची कॅसेट बाजारात आणली. अमेरिकेतील स्प्रिंगफील्डची नॅशनल ऑडिओ कंपनीही फीत स्वतः तयार करते. मागवण्याचा खर्च अधिक, पण या कामाला दोन-तीन कॅसेटी पुरतात. खर्च वाचवण्यासाठी घरातीलच एखादी ‘जुनी, नको असलेली’ कॅसेट पुसून वापरण्याचा सल्ला मिळतो. ती अथपासून इतिपर्यंत दोन्ही बाजूंनी ऐकल्याशिवाय मानू नये. सिनेगीतांच्या शेवटी उरलेल्या जागेत कोणाचा आवाज भरलेला असेल, हे वेष्टनावर लिहिलेले नसते.

घाटमाथ्यावरील खरा शत्रू बुरशी. खिडकीतून पाहिल्यास फितीच्या वेढ्यांवर पांढरे ठिपके किंवा जाळी दिसते. तशी कॅसेट यंत्रात घातली की बुरशी हेडला लागते आणि तेथून पुढच्या चांगल्या कॅसेटींना. आल्यानंतर ती पुसत बसण्यापेक्षा येऊच न देण्यात जयणा आहे. पापडासाठी वापरतात तसा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि माळ्याऐवजी रोजच्या वावरातील कपाट एवढे पुरते. पुड्या पावसाळ्याच्या तोंडाशी बदलाव्यात.

भरण्यापूर्वी हेड व रबरी चाक स्वच्छ करून, कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे व परत मागे फिरवावी, म्हणजे वेढे सैल होतात. मग पाच मिनिटे साधे बोलणे भरून ऐकावे. आरंभीच्या काही सेंटिमीटरवर चुंबकीय थर नसतो, हे पुष्कळांच्या ध्यानी राहत नाही. कितीतरी घरांतील कॅसेटींत नवकाराचे पहिले पद त्यामुळेच अर्धवट आले आहे. बटणे दाबल्यावर दहापर्यंत मोजून मग आजींना खूण करावी. त्याच वेळी मोबाईल दूर कोठे तरी, त्यांच्या नजरेआड, चालू ठेवण्यास हरकत नाही. मात्र तसे त्यांना आधी सांगावे.

काम झाले की त्याच दिवशी कॅसेटच्या वरच्या कडेची प्लास्टिकची लहान पट्टी मोडावी. जी बाजू आपल्याकडे असेल तिची पट्टी डावीकडे असते. ती मोडली की रेकॉर्डचे बटण दबत नाही. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली तर ते पुन्हा दबते, हे घरातील मुलांना न सांगितलेले बरे.