अलिबागचा व्हिला आणि शेतकरी दाखला

माझा एक मित्र मागच्या वर्षी बँकेतून निवृत्त झाला. वडील गिरणी कामगार, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, बालपण परळच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसांत. निवृत्तीचे पैसे हातात आले. मुलगी-जावई सॉफ्टवेअरमध्ये, चांगले कमावते. तिघांनी मिळून ठरवलं की समुद्राजवळ स्वतःचा बंगला घ्यायचा. जाहिराती रोज मोबाईलवर येतच होत्या. अलिबागमध्ये आलिशान व्हिला, खासगी स्विमिंग पूल, समुद्र पाच मिनिटांवर, वर्षभर ऊन आणि निळं आकाश. (कोकणातला जुलै ज्याने पाहिलाय त्याने यावर हसून घ्यावं.) मांडव्याची रो-रो २०२० ला सुरू झाली, गाडीसकट माणूस भाऊच्या धक्क्यावरून तासाभरात पलीकडे. २०२४ ला अटल सेतूही झाला. जमिनीचे भाव कुठे गेले ते सांगायला नको.

त्याने ही गोष्ट आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सांगितली आणि झोड उठली. "समाज अजून झोपडपट्टीत राहतो आणि तुला स्विमिंग पूल हवा?" एकाने तर त्याला नवब्राह्मण म्हटलं.

मित्रांनो, हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं ते काय झोपडी म्हणून बांधलं? हजारो ग्रंथ मावतील असं घर त्यांनी स्वतः लक्ष घालून उभं केलं. आपल्या माणसाने गावकुसाबाहेर, पत्र्याखाली राहणं हीच त्याची निष्ठा, असं कोणी सांगत असेल तर तो नकळत मनूचीच भाषा बोलतोय. कष्टाच्या पैशाने आपल्या माणसाने व्हिला घेतला तर मला आनंदच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला त्या व्हिलाच्या फाटकात उभं असताना पडला.

आम्ही दोघे जागा बघायला गेलो होतो. मांडवा, आवास, सासवणे, किहीम, झिराड असा तो सगळा पट्टा. नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्येच दहा फुटी भिंती, भिंतींवर कॅमेरे. एजंटाने दोन-तीन तयार व्हिला दाखवले, किंमत कोटींत. मित्राचा चेहरा उतरलेला पाहून तो म्हणाला, "साहेब, शेतकरी दाखला आहे का तुमच्याकडे? असेल तर कच्ची शेतजमीन घ्या, पुढे बिनशेती करा, बांधकाम करा. निम्म्याहून कमी पैशात होईल."

मित्र म्हणाला, "नाही. आमच्या घरात कोणाच्याच नावावर सातबारा नव्हता."

एजंट हसला. "मग करून देतो की. दुसऱ्या जिल्ह्यात सोय आहे."

मित्राने नकार दिला. पण हा संवाद माझ्या डोक्यातून जाईना, कारण सगळा व्यवहार त्या एका प्रश्नात उलगडतो. कुळकायदा, म्हणजे १९४८ चा मुंबईचा कूळवहिवाट कायदा, त्यातलं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. हेतू चांगला होता. सावकाराच्या आणि भांडवलदाराच्या हातात जमीन जाऊ नये, ती कसणाऱ्याकडे राहावी. कलमाच्या मजकुरात शेतमजुरालाही जागा आहे. पण शेतमजूर कोटींची जमीन घेणार कशाने? आणि जो शेतमजूर गाव सोडून गिरणीत गेला, त्याचा मुलगा बँकेत लागला, तो आज ना शेतकरी ना शेतमजूर. त्याला तहसील कार्यालयात एकच गोष्ट विचारतात, सातबारा दाखवा.

सातबारा कोणाच्या नावावर होता? देशावर आपल्या लोकांना निदान महार वतनाचे तुकडे तरी होते. कोकणात कितीतरी घरांना तेही नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात लावणी केली, कापणी केली, बांध घातले, खारभूमीत चिखल उपसला. आणि कायद्याच्या भाषेत शेतकरी कोण? जो "स्वतः जमीन कसतो" तो. पण स्वतः कसणे याच्या व्याख्येत रोख मजुरीवर माणसं लावून, देखरेख ठेवून कसून घेणंही बसतं. म्हणजे चिखलात उतरलेला माणूस मजूर आणि बांधावर छत्री घेऊन उभा असलेला शेतकरी!

आता व्हिलाचा हिशोब मांडा. शेतजमीन कमी भावात मिळते, पण ती घेण्याचा हक्क फक्त दाखलेवाल्याला. तो ती बिनशेती करून घेतो. एकदा बिनशेती झाली की कलम ६३ ची अडचण संपली, मग कोणीही घ्या. भाव कित्येक पट वाढतो तो नेमका या मधल्या टप्प्यात. हा नफा वाडवडिलांच्या सातबाऱ्यावर मिळतो, किंवा दुसऱ्या जिल्ह्यात "सोय" करून घेणाऱ्याला मिळतो. आपला माणूस कुठे येतो? अगदी शेवटी, पूर्ण भाव मोजणारं गिऱ्हाईक म्हणून. नाहीतर त्याच व्हिलात माळी, वॉचमन, भांडीवाली म्हणून.

आणि हे कुठे घडतंय? याच अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. १९३३ पासून १९३९ पर्यंत चरीच्या आणि आसपासच्या गावांच्या कुळांनी खोत-सावकारांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षं संप चालला. लोकांनी रानातला लाकूडफाटा विकला, मोलमजुरी केली, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. या संपामागे बाबासाहेब उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाने कौन्सिल हॉलवर पंचवीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्यात कोकणातला कुणबी होता, आगरी होता, महार होता. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. पण पुढे १९३९ चा कूळ कायदा, १९४८ चा कायदा, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाण्याचा दिवस, ही सगळी त्याच लढ्याची वाट.

अशा कुळाच्या जमिनीला कायद्याने कुलूप लावलं होतं. कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय ती विकता येत नव्हती. २०१४ मध्ये राज्य सरकारने हे कुलूप सैल केलं. ३२ म चं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट रक्कम भरा आणि विका. शेतसारा एकराला काही रुपयांचा. त्याची चाळीस पट म्हणजे किती, ते कोणीही तोंडी काढेल. सहा वर्षांच्या संपातून, उपासमारीतून जे मिळालं त्याचं कुलूप मुंबईतल्या एका जेवणाच्या बिलात उघडतं.

विकणाऱ्या कुळाला मी दोष देत नाही. पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून मुलीचं कॉलेज होत नाही. त्याला एकरकमी पैसे दिसतात, तो विकतो. आठ-दहा वर्षांनी त्याच जमिनीवरच्या तरणतलावाचं पाणी बदलायला त्याचाच मुलगा जातो, हेही मी पाहिलंय.

आणि भूमिहीनांसाठी सरकार काय करतं? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने २००४ पासून योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांतल्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. २०१८ च्या निर्णयानुसार खरेदीची कमाल मर्यादा जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख. ही मर्यादा घेऊन कोणीतरी किहीमच्या रस्त्यावर उभं राहून दाखवावं. एकर सोडाच, त्या पैशात गुंठे किती येतील ते एजंटालाच विचारा. ज्या दादासाहेबांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्यांच्या नावाची योजना जमीन महाग झाली की नुसती पाटीपुरती उरते.

आपल्यातले काही तरुण म्हणतात, मग कलम ६३ च काढून टाका. कर्नाटकाने २०२० मध्ये असे निर्बंध काढलेच की. मला हे धोक्याचं वाटतं. दार सताड उघडलं तर आधी आत शिरणार तो पैसेवाला, आपण नाही. मागणी वेगळी हवी. ज्या कुटुंबाचा पूर्वज भूमिहीन शेतमजूर होता, त्याला शेतकरी दाखल्याचा हक्क द्या. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचे पुरावे मागता ना, तेच पुरावे इथे चालू द्या. बिनशेतीच्या वाढीव किमतीतला वाटा त्या गावच्या भूमिहीनांच्या जमीन खरेदीसाठी बाजूला काढा. आणि गायकवाड योजनेची मर्यादा तालुक्याच्या प्रत्यक्ष भावाशी जोडा.

शेवटच्या व्हिलाच्या मागे आम्ही चालत गेलो. भिंतीच्या कडेने एक पायवाट येत होती आणि मधेच भिंतीला येऊन संपत होती. तिथे एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. मित्राने विचारलं, "आजी, ही वाट कुठे जाते?"

"जायची," ती म्हणाली. "मसणवट्याला. आमच्या वाडीची. आता लांबून जावं लागतं, डांबरी रस्त्याने."

तिने वाडीचं नाव सांगितलं. बौद्धवाडी होती. महाडचं तळं याच जिल्ह्यात आहे, हे मी मित्राला सांगायची गरज नव्हती.

बोटीत तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने एजंटाला फोन लावला आणि त्या भूखंडाचे १९५७ पासूनचे सगळे फेरफार, सातबाऱ्यातला इतर हक्काचा रकाना, बिनशेतीचा आदेश आणि गाव नकाशावरची वहिवाटीची वाट मागितली. एजंट म्हणाला, "साहेब, एवढं कोणी बघत नाही." मित्र म्हणाला, मी चौतीस वर्षं बँकेत कर्जाची कागदपत्रंच बघितली आहेत.

कागद अजून आलेले नाहीत. तलाठी कार्यालयात नकलेसाठी आम्ही वेगळा अर्ज केला आहे. वाडीतल्या दोन पोरांनाही सोबत घेतलंय, कारण वाट त्यांची आहे.

जय भीम.