मागाविना घरकुल

महागाईने आणि बेकारीने गांजलेल्या माणसाला देण्याजोगे सरकारजवळ काही उरत नाही, तेव्हा ते त्याला घराचे आश्वासन देते. घर डोळ्यांना दिसते, त्याचे छायाचित्र निघते, त्याच्या किल्ल्या व्यासपीठावरून वाटता येतात. रोजगाराच्या किल्ल्या वाटण्याचा समारंभ मात्र अद्याप कोणत्याही मंत्र्याने केल्याचे ऐकिवात नाही. म्हणून मंदीच्या काळात घरांच्या योजना फोफावतात आणि त्या घरांत राहणाऱ्यांनी खायचे काय, हा प्रश्न पुढच्या पंचवार्षिकावर ढकलला जातो.

नागपूर जिल्ह्यातील कन्हान नदीकाठचे खापा हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सावनेर तालुक्यातील या गावात १८६७ साली, म्हणजे नागपुरात एम्प्रेस मिल सुरू होण्याच्या दहा वर्षे आधी, नगरपालिका स्थापन झाली. ज्या गावाला इतक्या लवकर नगरपालिका मिळाली, त्या गावाच्या पोटात व्यापार होता, आणि तो व्यापार हातमागाच्या कापडाचा होता. कोष्टी आणि हलबा कोष्टी कुटुंबांनी खापा, उमरेड, पवनी, मोहाडी या गावांना पिढ्यानपिढ्या नाव मिळवून दिले. १८७७ साली एम्प्रेस मिल आली. गिरणीच्या कापडाने आधी जाडेभरडे कापड विणणाऱ्या महारांचा माग बंद पाडला, मग बारीक सुताच्या कोष्ट्याच्या उंबरठ्यावर पाय ठेवला. ती एम्प्रेस मिलही २००२ साली बंद पडली. गिरणीने माग मारला आणि बाजाराने गिरणी मारली. दोन्ही वेळा कामगाराला त्याची विचारणा झाली नाही.

विणकराचे घर म्हणजे काय, हे नियोजनकारांनी एकदा समजून घ्यायला हवे होते. खड्डामागाचा विणकर जमिनीच्या कडेवर बसतो, त्याचे पाय खड्ड्यात असतात आणि त्या खड्ड्याच्या ओलाव्याने सूत मऊ राहते. घरातील बाई ओटीवर बसून कांड्या भरते. ताणा पसरायला समोरचा रस्ता लागतो आणि पाजण करायला सकाळचे कोवळे ऊन. म्हणजे घर, अंगण आणि रस्ता मिळून एक कारखाना होतो. ज्याला कारकुनी भाषेत ‘निवासी वापर’ म्हणतात, तो येथे मुळात अस्तित्वातच नाही. कोष्ट्याने झोपण्याची जागा आणि कमावण्याची जागा यांत कधी भिंत घातली नाही. ती सरकारने घातली.

२५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजना शहरी भागासाठी जाहीर झाली. नगरपरिषदेचे गाव म्हणून खापा तिच्या कक्षेत येतो. २०२२ पर्यंत सर्वांना घर, अशी तिची प्रतिज्ञा होती. ते वर्ष उलटले, मुदत वाढली, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून तिची दुसरी आवृत्ती लागू झाली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद झाली. पहिल्या आवृत्तीत अडीच लाख, दुसऱ्या आवृत्तीतही अडीच लाख. मधल्या नऊ वर्षांत सिमेंट, लोखंड, वाळू आणि गवंड्याची मजुरी जणू जागच्या जागी थांबली होती! पैसे हप्त्याहप्त्याने येतात, जोते झाले की फोटो, छत पडले की फोटो. तोवर उरलेली रक्कम उभी करण्यासाठी लाभार्थी सावकाराच्या किंवा सूक्ष्म वित्त कंपनीच्या दारी उभा राहतो. आणि हे सर्व कोणासाठी? ज्याच्या नावावर जागेचा कागद आहे त्याच्यासाठी. जुन्या वस्त्यांत जागा आजोबांच्या नावावर, वारस चौघे, वाटणी तोंडी. किंवा जागा नझूलची आणि पट्टा नाहीच. ज्याला घराची सर्वांत अधिक गरज, तोच अर्जाच्या पहिल्या पानावर बाद होतो.

समजा, तो बाद झाला नाही. त्याला तीस चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस फुटांचे पक्के घर मिळाले. नमुना नकाशात खोली असते, स्वयंपाकघर असते, न्हाणीघर आणि शौचालय असते. मागाचा खड्डा नसतो. फरशी बसवलेल्या जमिनीत खड्डा खणावा, तर सिमेंटच्या कामाचे नुकसान. न खणावा, तर माग अंगणात पावसात. अशा घरात शिरलेला विणकर काही दिवसांतच माग मोडून लाकडाच्या भावाने विकतो आणि नागपूरच्या रस्त्याने बांधकामावर मजुरीला जातो. सरकारी नोंदवहीत मात्र ही एका कुटुंबाच्या उत्थानाची नोंद होते.

हे अज्ञानातून घडले, असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण सरकारला हे ठाऊक होते. १९८५-८६ साली, सातव्या योजनेच्या प्रारंभी, केंद्राने हातमाग विणकरांसाठी घर आणि कामाचे छप्पर एकत्र देणारी योजना आणली. कल्पना अगदी योग्य होती. पण त्याच १९८५ च्या जून महिन्यात नवे वस्त्रधोरण आले. त्याने गिरणी, यंत्रमाग आणि हातमाग यांना एकाच बाजाराच्या आखाड्यात उतरवले आणि कोण टिकेल ते बाजार ठरवील असे सांगितले. त्याच वर्षी हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदाही संमत झाला. तो न्यायालयात अडकला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवीपर्यंत १९९३ उजाडले. तोवर यंत्रमागाने जे करायचे ते करून घेतले होते. राखीव वाणांची यादी पुढे बावीसवरून अकरावर आली. एका खात्याने विणकराला छप्पर दिले, दुसऱ्याने छपराखालचे काम नेले. आज तर दोन्ही गोष्टींच्या फायलीही वेगळ्या आहेत: घर नगरविकासाच्या दारी, मागाचे छप्पर वस्त्रोद्योगाच्या दारी, आणि दोन्ही दारांवर वेगवेगळे दाखले.

आर्थिक आपत्तीत वस्ती उभारण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेचा. १९३३ साली रूझवेल्ट सरकारने अशा वसाहतींसाठी अडीच कोटी डॉलर बाजूला काढले. वेस्ट व्हर्जिनियातील आर्थरडेल ही पहिली वसाहत, बेकार कोळसा खाणकामगारांसाठी. समुद्रकिनाऱ्यावरील उन्हाळी बंगल्यांच्या पद्धतीची तयार घरे मागवली गेली आणि ती पायांवर बसेनात! ही गंमत सर्वांनी लक्षात ठेवली. खरा दोष मात्र विसरला गेला. वसाहतीत कामगारांसाठी टपाल खात्याचे फर्निचर बनवणारा कारखाना काढायचे ठरले होते, तेव्हा खाजगी उद्योगाशी सरकार स्पर्धा करते म्हणून काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, तो हाणून पाडला. घरे बांधायला भांडवलशाहीचा विरोध नव्हता. घरांत राहणाऱ्यांना काम द्यायला होता. काळ्या कुटुंबांना त्या वसाहतीत प्रवेशच नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. न्यू जर्सीत शिवणकामगारांसाठी दोनशे घरांची वसाहत आणि सहकारी कारखाना निघाला. १९३६ साली सुरू झालेला कारखाना तीन वर्षांत बुडाला. घरे राहिली, काम गेले.

याच्या उलट उदाहरण व्हिएन्नाचे. तेथील समाजवादी नगरपालिकेने १९२३ साली घरबांधणीचा कर बसवला, तोही चढत्या दराने: बंगलेवाल्याला जास्त, खोलीवाल्याला नाममात्र. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे झाली, धुलाईगृहे आणि बालवाड्यांसह. कर्ज काढून भाड्यात वसूल करण्याचा धंदा त्या नगरपालिकेने केला नाही. श्रीमंतांवर कर बसवण्याची छाती तेथे होती. येथे ती नाही म्हणून लाभार्थ्याच्या वाट्याची रक्कम वाढते.

कोणी म्हणेल, परदेशाचे सोडा, आपल्याकडे काय? आपल्याकडे सोलापूर आहे. नरसय्या आडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिडी कामगार स्त्रियांना संघटित करून कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजारांवर घरे उभी केली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे वाटप झाले. पुढे रे नगरच्या तीस हजार घरांचा संकल्प झाला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंधरा हजारांच्या किल्ल्या पंतप्रधान मोदींनी दिल्या. आडम यांचा पक्ष कोणता, हा येथे गौण प्रश्न आहे. त्या स्त्रियांचे काम घरात होते: पान आणि तंबाखू यायची, बिड्या जायच्या. त्यामुळे घर मिळाले तेव्हा काम मोडले नाही. शिवाय मागणाऱ्यांची संघटना योजनेच्या आधीपासून उभी होती. तरीही सोलापूरचे सारे सोन्याचे नाही. बिडीवरील उपकरातून कामगारांच्या घरांसाठी, औषधपाण्यासाठी निधी मिळत असे. वस्तू व सेवा कराच्या रेट्यात २०१७ साली तो उपकर रद्द झाला.

उपकराची ही गोष्ट खाप्याला अपरिचित नाही. गावाजवळच गुमगावची मँगनीज खाण आहे, १९६२ साली स्थापन झालेल्या, आज ‘मॉयल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारी कंपनीची. मँगनीज खाणकामगारांच्या कल्याणासाठी, त्यात घरेही आली, १९७६ साली संसदेने उपकराचा कायदा केला. ज्याच्या श्रमातून खनिज निघते, त्याच्या निवाऱ्याचा खर्च खनिजावर, हे त्यामागचे तत्त्व. जमिनीखालच्या दगडाबाबत हे मान्य झाले; मग शेजारच्या गल्लीत विणल्या जाणाऱ्या लुगड्याबाबत का नाही? सूत देणारा आणि कापड उचलणारा व्यापारी विणकराच्या घरासाठी एक पैसाही देत नाही.

‘आधी घर तरी होऊ द्या, कामाचे पुढे पाहू,’ असे शहाणे लोक सांगतात. छप्पर गळणाऱ्या कुटुंबाला तत्त्वज्ञान सांगू नये हे खरेच, आणि घरकुलाला विरोध करणे हा येथे हेतूच नाही. पण २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेचा निष्कर्ष असा की देशातील सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत आहे. अशा कुटुंबाने कर्ज काढून पुरे केलेले घर काही वर्षांत विकले गेले, तर दोष त्याचा म्हणायचा की योजनेचा? दुसरे शहाणे म्हणतात, हातमाग मरणारच आहे, त्याला खड्डा कशाला? मग सरकारने तसे उघड म्हणावे, आणि दरवर्षी ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिवसाची भाषणे बंद करावीत. २०२० च्या जुलैत, टाळेबंदीने माग थंडावले असताना, केंद्राने अखिल भारतीय हातमाग मंडळच विसर्जित केले. मरण नैसर्गिक आहे की घडवून आणलेले, हे त्यावरून ठरवता येते.

ग्राहक नाही, ही सबबही खोटी आहे. १९७६ पासून सरकार हातमागाकडून जनता कापड घेत होते. त्यातील दोष अनेक होते, दर्जा हलका आणि मजुरी तुटपुंजी, पण मागाला काम होते. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक साडी देण्याचे ठरवले. लाखो साड्यांची ही खरेदी यंत्रमाग महामंडळामार्फत! त्यातला काही हिस्सा खापा, उमरेड, पवनीच्या मागांना राखून ठेवायला कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

तेव्हा खाप्याच्या नगरपरिषदेने विणकरांच्या घरकुलांचे प्रस्ताव पाठवताना नमुना नकाशा परत करावा. नव्या आवृत्तीत ४५ चौरस मीटरपर्यंत क्षेत्र मान्य आहे; त्यात मागाची खोली खड्ड्यासह दाखवावी आणि वस्त्रोद्योग खात्याचे छपराचे साहाय्य त्याच अर्जाला जोडण्याची मागणी करावी. पट्ट्यांची प्रकरणे तहसीलमध्ये शिबिर लावून आधी निकाली काढावीत. ताणा पसरण्याचा रस्ता नकाशात रस्ता म्हणून नव्हे, कामाची जागा म्हणून दाखवावा. आणि हे प्रस्ताव मंत्रालयात जाण्यापूर्वी विणकरांच्या सभेत मोठ्याने वाचले जावेत, त्या सभेत कांड्या भरणाऱ्या बायका बसलेल्या असाव्यात.