रात्रपाळीतील परिचारिकांच्या नोंदी ग्राह्य धरण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय
(मार्फत : मा. अधिसेविका)

संदर्भ : याच विषयावरील आमची यापूर्वीची तीन निवेदने. पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

नियम आपणांस ठाऊक आहेत, ते पुन्हा लिहीत नाही.

गेल्या महिन्यात प्रसूतीपश्चात कक्षात जे घडले त्याबद्दल रात्रपाळीच्या सिस्टरला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. रुग्णाची प्रकृती खालावल्याचे वेळीच का कळवले नाही, असा तिला प्रश्न आहे. तिने कळवले होते. रात्री १.४० : नाडी ११८, बी.पी. ११०/७०, तासाभरात दोन पॅड पूर्ण भिजले, गर्भाशय हाताला सैल लागते. फोनवर उत्तर आले, "बी.पी. चांगला आहे ना, मग लक्ष ठेवा." २.०५ : नाडी १२८. उत्तर तेच. २.३० ला फोन उचललाच गेला नाही. तरुण बाळंतिणीचा बी.पी. बराच वेळ तग धरतो आणि मग एकदम कोसळतो, नाडी मात्र आधीपासून धावत असते. हे आमच्या विद्यार्थिनीही सांगतील. सिस्टर पोटावरून गर्भाशय चोळत राहिली, सलाईन वाढवले, रक्तपेढीत नमुना पाठवला, शेवटी मावशींना धाडून निवासी डॉक्टरांना उठवले. ३.१० ला डॉक्टर आले तेव्हा वरचा बी.पी. ७० होता. बाई वाचली, गर्भपिशवी गेली. वय २२.

या साऱ्या वेळा कॉल बुकात आहेत. चौकशी समितीने ते मागवलेच नाही. अधिसेविका कार्यालयाने आपणहून पाठवले, तर 'परिचारिकेने स्वतः केलेली नोंद' म्हणून बाजूला ठेवले. तापाचा तक्ता आणि लघवीचे मापही आम्हीच लिहितो. सकाळच्या राऊंडला त्यावरून औषधे ठरतात, तेव्हा ती नोंद चालते.

पहिल्या निवेदनानंतरच्या बैठकीत, कॉल बुकात डॉक्टरांची सही व येण्याची वेळ घेण्याचे परिपत्रक आठ दिवसांत काढू, असे आपण सांगितले होते. गणपतीत विचारले तर मसुदा तयार होत होता. दिवाळीनंतर विचारले तर तो तपासणीत होता. १२ मे रोजी परिचारिका दिनाच्या व्यासपीठावरून पुन्हा तेच आश्वासन आणि प्रत्येकीला एक गुलाब मिळाला. परिपत्रक अजून नाही.

सबब, कॉल बुक चौकशीत पुरावा म्हणून घ्यावे आणि ही नोटीस मागे घ्यावी. पंधरा मिनिटांत डॉक्टर न आल्यास सिस्टरने थेट वरिष्ठ डॉक्टरांना फोन करावा, असा लेखी आदेश निघावा. आज असा फोन केला की दुसऱ्या दिवशी 'तुम्हाला जास्त कळतं का?' हे ऐकावे लागते. त्या रात्री त्या बाईपुरते तिला कळले होते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

फोनवर सांगितलेल्या औषधांवर सकाळी सही व्हावी. त्या कक्षात खाटा ४०, बाळंतिणी ५८ आणि रात्री सिस्टर दोन असतात. बाळे तर मोजणीत धरतच नाहीत. रिक्त पदे भरावीत, हेही चौथ्यांदा लिहीत आहोत. ड्युटी रूमचा नळ दुरुस्त व्हावा.

नोटिशीला उत्तर देण्याची मुदत सोमवारी संपते. त्याआधी भेटीची वेळ द्यावी आणि ती लेखी कळवावी. मागच्या दोन्ही खेपेस आम्ही रात्रपाळी संपवून थेट आपल्या दालनाबाहेर येऊन बसलो होतो आणि आपण मंत्रालयात गेला होतात.

आपल्या विश्वासू,
सर्व कक्षांतील परिचारिका व ब्रदर्स
(सह्यांची यादी सोबत. कॉल बुकाच्या त्या पानाची छायाप्रत सोबत, दुसऱ्यांदा.)