आईवडिलांची दहा गाणी

डिसेंबर उजाडला की मोबाइलवर गाण्यांचा वार्षिक हिशेब येतो. स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिकसारखी ॲप्स आपण वर्षभर काय ऐकलं, कोणतं गाणं सर्वांत जास्त वाजवलं, किती मिनिटं ऐकलं, हे रंगीत पानांवर मांडून देतात. तरुण मंडळी ती पानं स्टेटसला ठेवतात, एकमेकांच्या आवडीवर थट्टामस्करी होते. मला हा प्रकार आवडतो. वर्ष कसं गेलं हे कधी कधी डायरीपेक्षा गाण्यांची यादी जास्त प्रामाणिकपणे सांगते. नोकरी बदलली, गाव सुटलं, कुणी गेलं, झोप उडाली आणि पुन्हा लागली. या सगळ्याच्या खुणा त्या यादीत कुठे ना कुठे असतात.

पण या हिशेबात घरातले ज्येष्ठ सहसा नसतात. त्यांची आवड ॲपमध्ये साठलेलीच नाही. ती रेडिओवर, ग्रामोफोनच्या तबकड्यांवर, गणेशोत्सवाच्या मांडवात आणि नाट्यगृहात घडली. आज ती फक्त त्यांच्या डोक्यात आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की यंदाचं वर्ष संपण्याआधी ती यादी कागदावर उतरवून घ्या. कुणाला हे हौसेचं काम वाटेल. मी त्याला आरोग्याचं काम मानते.

असं मानायला कारण आहे ते आमच्या घरातलं सरतं वर्ष. मार्चमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. वय अठ्ठ्याहत्तर. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा अडला, उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि बोलणं गेलं. आमचं बोलणं त्यांना बरंचसं कळायचं, पण उत्तराचा शब्द ओठांवर यायचा नाही. चहा हवा की पाणी, एवढं सांगतानाही डोळ्यांत पाणी यायचं. या अवस्थेला अफेझिया म्हणतात. बुद्धी शाबूत असते, पण भाषेची वाट बंद झालेली असते.

घरी आल्यावर स्पीच थेरपिस्टने पहिल्याच भेटीत विचारलं, "यांना कोणती गाणी आवडतात?" आई म्हणाली, "जुनी." त्यांनी पुन्हा विचारलं, "जुनी म्हणजे नेमकी कोणती?" ज्याला विचारायचं त्यालाच सांगता येत नव्हतं. शेवटी बाबांच्या मोठ्या बहिणीने, आमच्या आत्याने, फोनवर यादी सांगितली. विविध भारतीवर रात्री लागणारी रफीची गाणी, सुधीर फडक्यांची भावगीतं आणि कॉलेजात असताना मित्रांबरोबर पुन्हा पुन्हा पाहिलेल्या 'कट्यार काळजात घुसली'मधली पदं. आत्या नसती तर ही यादी आम्हाला कधीच मिळाली नसती.

गाण्यांनी बाबांची वाचा परत आणली, असं मी म्हणणार नाही. औषधं, फिजिओथेरपी आणि रोजचा सराव यांचाच वाटा मोठा. पण आत्याच्या यादीतलं गाणं लागलं की बाबा ओळीचा शेवटचा शब्द सुरात पुरा करायचे. तोच शब्द बोलून दाखवा म्हटलं तर जमायचं नाही. दहा मिनिटांत व्यायामाला कंटाळणारे बाबा एक नाट्यपद संपेपर्यंत हात वरखाली करत राहायचे. आज ते लहान लहान वाक्यं बोलतात. आमच्या घराने यंदा सर्वांत जास्त ऐकलेली गाणी हीच, आणि त्यांची नोंद कुठल्याही ॲपकडे नाही.

जो बोलू शकत नाही तो गाऊ कसा शकतो? बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचं काम प्रामुख्याने डाव्या अर्धगोलात चालतं. गाताना मात्र सूर, लय आणि पाठ असलेले शब्द यांसाठी दोन्ही अर्धगोलांतली जाळी कामाला लागतात. डावीकडचा रस्ता बंद असला तरी एखादी आडवाट मोकळी राहते. या निरीक्षणावरून १९७३ मध्ये बोस्टनमधल्या संशोधकांनी 'मेलॉडिक इंटोनेशन थेरपी' नावाची पद्धत मांडली. रोजच्या वापरातली छोटी वाक्यं सुरात म्हणवून घ्यायची, डाव्या हाताने ताल धरायचा आणि हळूहळू सूर काढून घेत साध्या बोलण्याकडे यायचं. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य गॅबी गिफर्ड्स यांना २०११ मध्ये डोक्यात गोळी लागून असाच वाचादोष आला. त्यांच्या उपचारांतही संगीताचा वापर झाला होता. या पद्धतीला मर्यादा आहेत. सराव केलेली वाक्यं सुधारतात, पण तो फायदा सगळ्या बोलण्यात उतरेलच असं नाही.

नुसतं ऐकण्याचाही उपयोग होतो का? फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकताच पक्षाघात झालेल्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकलं, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकली, तिसऱ्याला यांपैकी काहीच दिलं नाही. नेहमीचे उपचार तिघांनाही मिळत होते. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि लक्ष एकाग्र करण्याची क्षमता इतरांपेक्षा जास्त सुधारली. काहीच न ऐकणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात उदासीही कमी दिसली. अभ्यास लहान होता, त्यावरून चमत्काराचे दावे करू नयेत. पण ज्या उपचाराला खर्च जवळजवळ नाही आणि धोका नगण्य, त्याला एवढाही पुरावा असेल तर तो वापरायला हरकत कसली?

या अभ्यासातला 'स्वतःच्या आवडीचं' हा शब्द महत्त्वाचा आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये लोकांना अंगावर काटा आणणारं आपापलं संगीत घेऊन यायला सांगितलं आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. आनंद आणि प्रेरणा यांच्याशी संबंधित भाग जागे झालेले दिसले. यातली गंमत अशी, की तुलनेसाठी त्यांनी दुसऱ्याच सहभागी व्यक्तीचं आवडतं संगीत वापरलं. एकाच्या अंगावर काटा आणणारं गाणं दुसऱ्यासाठी नुसताच आवाज होता. पुढे २०११ मध्ये त्याच विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं, की आवडत्या गाण्यातली ती जागा येण्याआधीच, नुसत्या वाट पाहण्यानेही, मेंदूत डोपामिन स्रवतं. वाट पाहायची तर पुढे काय येणार हे ठाऊक हवं. ओळखीच्या गाण्याची ताकद ती हीच.

याच्या उलट जाणारा पुरावाही सांगायला हवा. 'लॅन्सेट'मध्ये २०१५ साली शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. संगीतामुळे शस्त्रक्रियेनंतरची वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज कमी झाल्याचं त्यात दिसलं. पण संगीत रुग्णाने निवडलं की दुसऱ्या कुणी, याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे काही तासांच्या भीतीवर आणि वेदनेवर कोणतंही सुसह्य संगीत चालत असावं. महिनोन्महिने चालणारा आजार, हरवलेले शब्द, पुसट होणारी ओळख यांच्याशी गाठ असते तेव्हा मात्र माणसाचं स्वतःचं गाणं लागतं, असं माझं मत आहे.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'रक्तदाबाला हा राग, मधुमेहाला तो राग' अशा तक्त्यांचा मला राग येतो. ठरावीक राग ठरावीक आजार बरा करतो, याला भक्कम पुरावा नाही. आयुष्यभर लावणी आणि भारुडात रमलेल्या आजीपुढे पहाटे भैरव लावून ठेवला तर तिला तो परक्या घरासारखा वाटेल. शास्त्रीय संगीत थोर आहेच, पण ते ज्याचं आहे त्याच्यासाठी. रुग्णाच्या कानाशी काय वाजावं हे प्रतिष्ठेवरून ठरवू नये.

मग शोधायचं कुठे? मानसशास्त्राने याचं उत्तर दिलेलं आहे. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे सर्वांत ठळकपणे आठवतात, आणि गाण्यांच्या बाबतीतही हेच दिसतं. आज ऐंशी ओलांडलेली मराठी माणसं शाळकरी वयाची असताना, १९५५ मध्ये, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. दर आठवड्याला नवं गीत, एकूण ५६. विविध भारती १९५७ मध्ये आली, 'कट्यार' रंगभूमीवर आलं १९६७ मध्ये. आईवडिलांच्या जन्मसालात पंधरा मिळवा आणि त्या सुमाराला घरात, गावात, कॉलेजात काय वाजत होतं ते विचारा. गप्पा आपोआप सुरू होतील.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत तर घाई करायला हवी. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमरमध्ये ओळखीच्या संगीताची स्मृती सांभाळणारे मेंदूचे काही भाग तुलनेने उशिरा बाधित होतात, असं संशोधन सांगतं. मुलाचं नाव विसरलेली आई ओवी मात्र पूर्ण म्हणते, ते यामुळेच. संगीताने स्मृतिभ्रंश बरा होत नाही, विचारशक्तीही फारशी सुधारत नाही. पण उदासी आणि वागण्यातल्या अडचणी कमी व्हायला मदत होते, असा २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे. रोज काळजी घेणाऱ्या सुनेला, मुलाला किंवा आयाबाईंना विचारा, एक शांत संध्याकाळ म्हणजे काय असतं ते.

यादी साधीच असावी. दहा गाणी पुरेत. प्रत्येक गाण्यासमोर गायक आणि एखादी आठवण लिहा, कारण एकच गाणं दहा जणांनी गायलेलं असतं आणि माणसाला त्यातलं एकच हवं असतं. खाली एक रेघ मारून 'हे लावू नका' असंही लिहून घ्या. नवऱ्याच्या आजारपणात सतत वाजणारा अभंग एखाद्या आजीला नकोसा असू शकतो. यादी औषधांच्या फाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलवरही. ऐकवताना टीव्ही बंद ठेवा, अर्धा-पाऊण तास पुरे. दिवसभर मागे वाजत राहिलेल्या गाण्याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. आवाजही बेताचा हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे.

आणि हे विसरू नका, की तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर तो क्षण गाण्याचा नव्हे, तडक रुग्णालय गाठण्याचा असतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. गाण्याचं काम त्यानंतरच्या लांबलचक महिन्यांत सुरू होतं.

तुमच्या ॲपने तुमची यादी तयार केली असेल, तर ती जरूर मिरवा. त्यानंतर फोन बाजूला ठेवून एक वही घ्या आणि स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत बसलेल्या आईवडिलांशेजारी जाऊन बसा. तुम्ही चाळिशीपुढचे असाल तर दुसऱ्या पानावर स्वतःचीही दहा गाणी लिहा आणि ते पान कुठे ठेवलंय हे मुलांना सांगून ठेवा.