‘हेल्थ ड्रिंक’ कायद्यात नाही, मग तुमच्या घरात कसे आले?

“डॉक्टर, मुलाला दुधात कोणती पावडर घालू?” हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. तो नीट वाचा. “पावडर घालायची गरज आहे का?” असे कुणीच विचारत नाही. ते आधीच ठरलेले असते, फक्त ब्रँड निवडायचा उरलेला असतो. जाहिरात किती परिणामकारक असते हे मोजायला मला दुसरा पुरावा लागत नाही. चांगली जाहिरात तुम्हाला उत्तर देत नाही, ती तुमचा पहिला प्रश्नच पुसून टाकते.

आता वस्तुस्थिती पाहू. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवले, की बोर्नव्हिटा आणि तत्सम पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढून टाका. कारण साधे होते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या कंपनीने आपल्या पेयांच्या वर्गाच्या नावातून ‘हेल्थ’ हा शब्द वगळला. म्हणजे दोन-तीन पिढ्यांच्या आयांनी ज्या शब्दावर विश्वास ठेवून डबे विकत घेतले, त्या शब्दाला कायद्याचा कसलाही आधार नव्हता.

हॉर्लिक्सचीच आणखी एक गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये हे पेय वर्षानुवर्षे रात्री झोपण्यापूर्वी घ्यायचे, शांत झोप देणारे पेय म्हणून विकले गेले. आपल्याकडे त्याच नावाचा डबा मुलांना उंच, मजबूत आणि हुशार करणारा म्हणून विकला गेला. दक्षिण आशियातील प्रेक्षकांसाठी केलेली ही जाहिरात २००८ साली ब्रिटनमध्ये दाखवली गेली, तेव्हा तिथल्या जाहिरात नियामकाने ती थांबवली, कारण दावा पुरेसा सिद्ध झालेला नव्हता. तिथल्या लोकांना झोप हवी होती, तर इथल्या आईला मूल मागे पडण्याची धास्ती होती. ज्या बाजारात जी काळजी, तिथे ते औषध. याला मी आरोग्यशिक्षण म्हणणार नाही. हा भीतीचा व्यापार आहे.

“पण डॉक्टर, त्यात जीवनसत्त्वे आणि लोह असते ना?” असते, ते नाकारत नाही. पण सोबत काय येते तेही पाहा. २०२३ मध्ये एका समाजमाध्यम व्हिडिओवरून गदारोळ झाला. त्यानंतर त्या वर्षाच्या अखेरीस बोर्नव्हिटातील वरून घातलेली साखर १०० ग्रॅममागे ३७.४ वरून ३२.२ ग्रॅम झाली. म्हणजे कमी केल्यावरही डब्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग साखर! २० ग्रॅम पावडरीत सुमारे साडेसहा ग्रॅम, दिवसातून दोनदा घेतली तर तेरा. वर आई एक चमचा साखर घालते ती वेगळी. रोज १५०० कॅलरी खाणाऱ्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिक कडक शिफारशीनुसार दिवसभराची मोकळी साखर १९ ग्रॅमच्या आत असावी. बिस्किट, जॅम, केचप यांचा हिशेब अजून बाकीच आहे.

आणि प्रथिने? अशा बहुतेक पावडरींच्या एका मापात दीड-दोन ग्रॅम. एका पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. जाहिरातीतला मुलगा ज्या पेल्याच्या जोरावर शर्यत जिंकतो, त्या पेल्यातला जोर मुख्यतः दुधाचा असतो. श्रेय मात्र डबा घेतो.

“माझा मुलगा साधे दूध पीतच नाही,” हे कारण मला मान्य आहे. मग पावडरीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा, ती दुधाची चव आहे. चवीपुरती एक लहान चमचा घाला, वर साखर घालू नका. पण तिला आहार समजून भाजी-डाळीकडे काणाडोळा करू नका.

कायदा काही झोपलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुराव्याशिवाय ‘हे खाल्ल्याने बुद्धी किंवा ताकद वाढते’ असे मुलांच्या जाहिरातीत सांगता येत नाही. पण कारवाई होईपर्यंत जाहिरात हजार वेळा दाखवून झालेली असते. एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकले की ते खरे वाटू लागते, हा मनाचा गुणधर्म मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगाने दाखवला आहे. दंड भरता येतो, पण डोक्यात बसलेले वाक्य परत घेता येत नाही. म्हणूनच ‘जाहिरात खोटी नव्हती ना?’ हा बचाव मला पुरेसा वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या आईची धास्ती हेरून केलेली खरी जाहिरातही अनैतिकच.

तुम्ही काय कराल?

१. डब्याची पुढची बाजू विसरा, मागची वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. साखर, लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या तिघांत असतील तर काय घेत आहात ते कळेल.

२. मूल वाढत नाही असे वाटत असेल तर डबा बदलू नका. उंची-वजन तक्त्यावर मांडून घ्या आणि गरज असल्यास हिमोग्लोबिन तपासा. कमतरता सापडली तर तिच्यावर उपचार आहेत.

३. शेंगदाण्याचा लाडू, नाचणीची भाकरी, उसळ, अंडे यांची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात कुणाला मोठा नफा नाही. म्हणून ती जाहिरात आज मी फुकट करतो आहे.