पंधरा दिवसांची ताई आणि वीस वर्षांच्या मावशी

परदेशात जाऊन मुलांची सेवा करण्याची आता जाहिरात निघते आणि त्या सेवेचे दरपत्रकही असते. नेपाळ, कंबोडिया, बाली, केनिया. दोन आठवडे, चार आठवडे. शाळेतली मुले, अनाथालयातली मुले, 'विशेष गरजा असलेली' मुले, यातले तुम्ही निवडायचे. राहणे-जेवणे धरून इतके पैसे आणि सुट्टीच्या दिवशी सहल. अनुभवाची अट नाही, भाषा येण्याची अट नाही, मुलांची आवड असली की पुरे. आजवर ही पत्रके गोऱ्या देशांतल्या तरुणांसाठी निघत. आता पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळा-कॉलेजांच्या फलकांवरही ती लागतात. त्यावर सल्ला विचारायला माझ्याकडे आजवर जेवढ्या आल्या त्या सगळ्या मुलीच होत्या. सेवा म्हटले की हात मुलीनेच पुढे करायचा, हे परदेशवारीतही सुटलेले नाही.

मी एकोणीस वर्षे मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवते. (आता 'बौद्धिक अक्षमता' म्हणायचे हे मला ठाऊक आहे. पण आमच्या पाटीवर अजून जुनाच शब्द आहे आणि पाटी रंगवायचे पैसे कुठल्याच अनुदानात बसत नाहीत.) या सेवेला माझा विरोध आहे, आणि तो का आहे ते सविस्तर सांगते.

आधी नेपाळचे पाहू, कारण आपल्याकडच्या मुली तिथे सहज जातात. नेपाळमधली बालगृहे कुठे आहेत? सर्वांत गरीब, दुर्गम जिल्ह्यांत नाहीत. नोंदणी झालेल्या बालगृहांपैकी सुमारे नव्वद टक्के काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत आहेत, म्हणजे जिथे पर्यटक उतरतात तिथे. त्यांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा बाप, किंवा दोघेही जिवंत आहेत. १९९६ ते २००६ च्या यादवीच्या काळात हुमलासारख्या डोंगराळ जिल्ह्यांत दलाल फिरले. मुलाला शहरात शाळेत घालतो म्हणाले, आईबापांकडून उलट पैसे घेतले आणि मुले काठमांडूला आणली. मग कागद तयार झाले. त्या कागदांवर मूल अनाथ ठरले.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. मूल कागदावर अनाथ करायचे तर कागदावर आई मारावी लागते. हुमलातली ती बाई शेतात राबते आहे, मुलगी शिकून परत येईल म्हणून वाट पाहते आहे, आणि काठमांडूच्या एका कपाटात तिच्या मृत्यूचा दाखला पडलेला आहे. त्या दाखल्याच्या जोरावर एक वीस वर्षांची पाहुणी मुलीला मांडीवर घेते, फोटो काढते, 'हिला कुणीच नाही' असे लिहून घरी पाठवते आणि जाताना देणगी देते. देणगी येते म्हणून आणखी मुले आणली जातात. बाईचे मातृत्व डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या जगाला या आईचे अस्तित्व पुसताना काहीच वाटत नाही, कारण ती गरीब आहे आणि तिला सही करता येत नाही.

हे फक्त नेपाळपुरते नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशा संस्था पंचाहत्तर टक्क्यांनी वाढल्या, तेव्हा देशात युद्ध नव्हते, पर्यटन मात्र वाढत होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची आधुनिक गुलामगिरीत गणना केली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ मध्ये बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या या स्वयंसेवेच्या पर्यटनाविरुद्ध पावले उचलायला सांगितले. पत्रके छापणाऱ्यांना हे कळले नसेल असे मला वाटत नाही. काहींनी 'अनाथालय' शब्द काढून तिथे 'बालसंगोपन केंद्र' घातले आहे, एवढाच फरक.

आपल्या अंगणातही हे घडून गेले आहे. मडगावात फ्रेडी पीट्स 'गुरुकुल' नावाने मुलांचे घर चालवत होता, परदेशी पाहुण्यांचे तिथे येणेजाणे होते. १९९१ मध्ये तो पकडला गेला आणि मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. शीला बर्से यांनी या प्रकरणाचा पिच्छा पुरवला नसता तर ते कुठल्या कुठे विरून गेले असते. मुंबई आणि मुरुडच्या 'अँकरेज' निवाऱ्याचे प्रकरण २००१ मध्ये बाहेर आले. दोघा ब्रिटिशांना २००६ मध्ये झालेली शिक्षा उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा कायम केली. प्रत्येक येणारा असा असतो असे मी म्हणत नाही, बहुतेक भलेच असतात. पण ज्या दारातून भली मुलगी चौकशीशिवाय आत जाते, त्याच दारातून दुसराही जातो. जे मूल बोलू शकत नाही, ज्याला अंग पुसायला, चड्डी बदलायला दुसऱ्याचा हात लागतो, ते तक्रार कुणाकडे करणार?

आता माझ्या कामाविषयी. आमच्या वर्गात मेंदूच्या पक्षाघाताचा एक मुलगा आहे. त्याला भरवताना मान किंचित पुढे झुकलेली हवी आणि पाठीला नीट आधार हवा. मान मागे गेली तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. हे आमच्या मावशींना ठाऊक आहे, त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलेले नाही. दुसरी एक स्वमग्न मुलगी आहे. नवा माणूस, नवा वास, बदललेली खुर्ची, एवढ्यावर तिचा दिवस जातो, ती स्वतःच्या हाताला चावते. तिच्याशी डोळ्याला डोळा भिडायला मला आठ महिने लागले. पंधरा दिवसांची ताई आली, गाणी म्हटली, फुगे वाटले, रडत रडत निरोप घेतला, की पुढचा महिनाभर आमच्या मावशी त्या मुलीच्या हाताला पट्टी बांधतात. आणि सहा आठवड्यांनी पुढची ताई येते.

आपल्या देशात १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे विशेष शिक्षिकेला नोंदणी लागते. नोंदणीशिवाय हे काम केले तर एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या गावच्या बाईसाठी हा नियम आहे. आणि काठमांडूला जाणाऱ्या आपल्या मुलीच्या गाठीशी काय आहे? पारपत्र आणि भरलेले पैसे.

जिथे रोजची, पगारी, जाणती बाई नेमायची तिथे समाज हात आखडता घेतो आणि मग भलभलते उपाय काढतो. शिरूरच्या मतिमंद मुलींच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशये फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही. स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. घडी बदलायला, धुवायला, शिकवायला पुरेशा बायका नेमल्या असत्या तर? पण बायका नेमल्या तर पगार द्यावा लागतो. फुकट येणारी किंवा स्वतःच पैसे भरून येणारी स्वयंसेविका व्यवस्थापनाला आवडते ती याचसाठी.

'स्वयंसेवा' हा शब्द आपण सरकारच्या तोंडून पुष्कळ ऐकला आहे. १९७५ पासून अंगणवाडी सेविका मुलांना खाऊ घालते, वजन करते, शिकवते, आणि तिला मिळते ते मानधन, वेतन नव्हे. ग्रॅच्युइटीचा हक्क तिला आहे हे म्हणायला २०२२ साल उजाडले, तेही सर्वोच्च न्यायालयात. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या आणि पन्नासहून अधिक दिवस उन्हाथंडीत बसल्या. त्यांच्या बाजूला बसायला विमानाचे तिकीट लागत नव्हते.

माझी भाची म्हणाली, "मावशी, मग काय, कुणी कुणासाठी काही करायचंच नाही?" तिचा प्रश्न खरा आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल इथे आले, ते गावे पुन्हा उभी करायला, अंगमेहनत करायला. आमच्याही शाळेत एक परदेशी व्यवसायोपचारतज्ज्ञ बाई दोन वर्षे राहिल्या. पहिले सहा महिने त्या मराठी शिकल्या. मुलांना त्यांनी स्वतः कमीच हाताळले. मावशींना उचलायचे कसे, पाठ कशी जपायची, पुठ्ठ्याची खुर्ची कशी बनवायची ते शिकवले, आणि त्या गेल्यावर खुर्च्या राहिल्या. पण त्या शिकून आल्या होत्या, आणि परतताना मुलांचा एकही फोटो नेला नाही.

भाचीला मी शिफारसपत्र दिले नाही. चार प्रश्न लिहून दिले आणि ते त्या दलाल कंपनीला विचार म्हणाले. या मुलांच्या आया कुठे आहेत? मुले त्यांना वर्षातून किती वेळा भेटतात? माझ्याविषयी पोलिसांकडे चौकशी कोण करणार? आणि मी भरलेल्या पैशातून तिथल्या मदतनीस बाईच्या पगारात किती जातात? पहिल्या तीन प्रश्नांना गुळमुळीत का होईना, उत्तर आले. चौथ्याला उत्तर म्हणून पुढच्या तुकडीचे, दहा टक्के सवलतीचे पत्रक आले.

आमच्या शाळेत मदतनीसाची एक जागा दोन वर्षे रिकामी आहे. संस्था म्हणते, उमेदवार मिळत नाहीत. त्या पगारात मिळणार नाहीतच. तोवर दोघी मावशी तिघींचे काम करतात, आणि त्यांतल्या थोरल्या मावशींची कंबर गेल्या पावसाळ्यापासून धरली आहे.